मरळ निर्मूलन, मौजे कोसमटोला

निसर्गात कोणताही जीव एकटा जगत नाही. गवतापासून गरुडापर्यंत प्रत्येकाचं जगणं दुसऱ्या कुणाच्या तरी जगण्यावर उभं आहे, आणि या साखळीतली एक कडी जरी निखळली तरी सगळी सृष्टी हादरते.

हे वाक्य माझं आहे. एका रंगीत तक्त्याच्या डोक्यावर मी ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. तो तक्ता गावोगाव दाखवत मी दीड वर्ष फिरलो, आणि त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये एका सकाळी साडेसहा वाजता तोच तक्ता गुंडाळून, काखेत मारून, मी कोसमटोल्याच्या तलावातली एक कडी निखळवायला हजर झालो.

कडी म्हणजे मरळ. काळसर, लांबोडका, सापाच्या तोंडाचा मासा. आमच्या प्रकल्पानं लागोपाठ दोन वर्षं या तलावात रोहू आणि कटल्याचं बीज सोडलं होतं, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणि दोन्ही वर्षी मरळीनं ती खाऊन टाकली होती. प्रकल्प आता बंद पडला आहे, पण तेव्हा जोरात होता. वरून आदेश आला: खाऊ माशांचं निर्मूलन करा. उपाय पुस्तिकेत दिलेला होता. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर जी ढेप उरते ती भिजवून पाण्यात टाकायची. अर्ध्या तासात मासे गुदमरून वर येतात, लहानमोठे, खाऊ आणि बिनखाऊ, सगळे. तीन आठवड्यांत विष उतरतं. मग कोऱ्या पाण्यात नवीन बीज सोडायचं.

अकरा पोती ढेप आदल्या दुपारी ट्रकनं आली होती. प्रकल्पाच्या दोन मजुरांनी ती पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी खड्डा करून भिजत घातली, वर ताडपत्री टाकली आणि रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपायला गेले. उन्हाळ्यानं तलाव आटून मधोमध चार एकरांचा राहिला होता. ऊन चढायच्या आत ढेप पाण्यात पडायला हवी होती. दहा वाजता पिंपळखुटे साहेब येणार होते. त्यांना मेलेल्या मरळींच्या ढिगामागे उभं राहून वार्षिक अहवालासाठी फोटो काढायचा होता. माझी नोकरी कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावर होता, आणि तो टेबलावरच राहतो की पुढे सरकतो हे त्या ढिगाच्या उंचीवर अवलंबून असल्याचं त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं.

मी पाळीवरून खाली उतरलो. खड्ड्याभोवती बाया बसल्या होत्या.

"हे काय?" मी उरकुडा वलथरेला विचारलं. उरकुडा धिवरांच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. पन्नाशीचा, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा.

"बसल्या हायेत जी."

"ते दिसतंय. कधीपासून?"

"कोंबडं बोलाच्या आंधीपासून."

"मग तुम्ही उठवलं का नाही?"

उरकुडानं थोडा विचार केला. "त्यात माई बायको हाय," तो म्हणाला.

सोसायटीचे पंचवीस-तीस पुरुष तलावाच्या पलीकडच्या काठावर, चिंचेखाली बसले होते. जाळी, टोपल्या, सगळं तयार. मोहानं मेलेला मासा खाता येतो, विकताही येतो, त्यामुळे जाळं न टाकता एका दिवसात सगळा तलाव टोपलीत येणार होता. ढेप टाकायच्या ठरावावर सगळ्यांच्या सह्या होत्या. पण बाया आणि त्यांच्यामध्ये त्यांनी तेवढं पाणी राखून ठेवलं होतं.

बाया वीसेक असतील. ताडपत्रीच्या कडेकडेनं, खांद्याला खांदा लावून. मजुरांपैकी एकानं ताडपत्रीचं टोक उचलायचा प्रयत्न केला होता. त्याची टोपी आता त्यांच्यातल्या एकीच्या डोक्यावर होती. मधोमध भागरताबाई नान्हे. साठीची, वाळलेली, कासोटा घातलेली बाई. तंबाखू चोळत होती.

"बाई, ठराव झालाय," मी म्हणालो. "सोसायटीच्या सह्या आहेत."

"माणसायच्या हायेत. सोसायटीत बाया कुठी हायेत?"

"मासे पुरुषच धरतात ना."

"जाळ्यानं धरतात. पाणी भरलं का जाळं खुंटीले. मंग चार महिने सुपानं, फडक्यानं कोण धरते? मुऱ्या, झिंगे, खेकडे, बारकं सारं? आमी धरतो, आमीच रांधतो. तुमचा रोहू कोणी सुपानं धरला काय, बापू?"

मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्या पदनामात अधिकारी हा शब्द होता. बापू म्हणवून घेणं मला आवडलं नाही.

"तीन आठवड्यांत विष उतरतं," मी म्हणालो. "मग नवीन बीज सोडू."

"कायचं बीज?"

"रोहू. कटला."

"मुरीचं हाय तुमच्याजवळ?"

"नाही."

"झिंग्याचं?"

"नाही, पण."

"पण काय?"

माझ्याकडे पणच्या पुढे तक्ता होता. मी तो उलगडून दोन्ही हातांत धरला. सर्वांत खाली हिरवं शेवाळ, त्यावर किडे, त्यावर छोटे मासे, त्यावर मोठे, त्यावर बगळा आणि सगळ्यांच्या वर शर्ट-पँट घातलेला एक माणूस. मधून लाल बाण.

भागरताबाईनं मान कलती करून तो पाहिला. "हे बाण कायचे?"

"कोण कोणाला खातं ते."

"माणसाले कोणी खात नाई?"

"नाही. तो सगळ्यात वर आहे."

"मच्छर खाते न जी," टोपीवाली बाई म्हणाली. बाया हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. चित्रकाराला पैसे देऊन दीड वर्ष झालं होतं, आता माणसाच्या डोक्यावर डास काढणं शक्य नव्हतं.

"खेकडा कुठी हाय यात?" भागरताबाईनं विचारलं.

"जागा नव्हती."

"मरळ खेकड्याचे पिल्लं खाते. मरळ नसन त खेकडे माजतात. माजले का पाळीत घर करतात, आरपार. वरच्या टोल्याच्या तलावात माया सासऱ्याच्या येळी रोग आला, साऱ्या मरळी मेल्या. तिसऱ्या साली पाळ फुटली. सतरा घरचं धान गेलं."

"याला काही शास्त्रीय पुरावा?"

"पाळ फुटली न," ती म्हणाली.

"पण मरळ रोहूचं बीज खाते, त्याचं काय?"

"खाते न. आमी बी खातो, तुमी बी खाता. आता खाणारे सारेच मारता काय?"

मी तक्ता खाली घेतला. मी घड्याळ पाहिलं. सव्वासात.

ती उठली. मला वाटलं ठिय्या मोडला. पण तिनं फक्त "या इकडं" म्हटलं आणि पाण्याच्या कडेला निघाली. मागे बायांनी सरकून तिची जागा भरून काढली. मी तक्ता गुंडाळत तिच्यामागे गेलो.

"ते लाल दिसते काय?"

काठापासून दहा-बारा हातांवर, पाण्याच्या वरच्या थरात, परातीएवढं एक लालसर वर्तुळ होतं. मी ते शेवाळ समजलो असतो, पण ते हलत होतं. हजारो बारीक पिल्लं एकमेकांना चिकटून एकाच वेळी वर येत, खाली जात, पुन्हा वर येत. वर्तुळाच्या खाली दोन काळ्या, हातभर लांब सावल्या होत्या. एक बगळा चार पावलं पुढे आला. एक सावली सरळ त्याच्या दिशेनं सुटली. पाणी फाटल्यासारखं झालं, बगळा उडाला आणि सावली परत वर्तुळाखाली येऊन थांबली.

"माय-बाप हायेत," भागरताबाई म्हणाली. "पिल्लायवरची मरळ आमी धरत नाई. पिल्लं सोडून पळत नाई न ते. टोपलं घातलं तरी जागेवर उभी. अशी धरणं म्हणजे धरणं नाई. माया नवऱ्यानं एकदा धरली, त सासूनं तीन दिवस त्याले ताट नाई लावलं."

"आणि तुम्ही?"

"मी चोरून देल्लं. नवीन होती मी." तिनं तंबाखू ओठात सरकवला. "आता नाई देणार."

ते लाल वर्तुळ हळूहळू आमच्या बाजूला सरकत होतं. मला प्राणिशास्त्रात प्रथम वर्ग होता. मरळ पिल्लांची राखण करते हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला दोन गुण मिळाले होते. प्रत्यक्ष आज पहिल्यांदा पाहत होतो.

"साहेबायले सांगा," ती म्हणाली, "का टोल्याच्या बाया ऐकत नाईत. तुमच्यावर येणार नाई."

"माझ्यावरच येणार."

"मंग तुमी बी बसा आमच्यात."

ती चेष्टा करत नव्हती. मी खरंच विचार केला. किती वेळ, ते आता सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मी अजून विचारच करत होतो तेव्हा पाळीवर जीपचा हॉर्न वाजला. पिंपळखुटे साहेब दीड तास आधी आले होते. मागच्या सीटवर दोन पोलीस होते. आदल्या संध्याकाळी टोल्यात कुजबुज सुरू झाल्यावर उरकुडानं तालुक्याला जाऊन फोन केला होता, हे मला तेव्हाच कळलं. तो आता साहेबांच्या खांद्याकडे बघत उभा होता.

"काळबांडे," साहेब म्हणाले, "मासे कुठे आहेत?"

"पाण्यात आहेत, सर."

"ते मलाही माहीत आहे. वर कधी येतील?"

"ढेप पडल्यावर."

"आणि ढेप?"

मी बायांकडे बोट दाखवलं. साहेबांनी गळ्यातला कॅमेरा सावरला आणि खाली उतरले. त्यांचे बूट नवे होते, पाळीची माती भुसभुशीत, त्यामुळे अर्ध्या उतारावर एका पोलिसाला त्यांचा दंड धरावा लागला. बायांपुढे येईपर्यंत त्यांचा सूर चढलेला होता.

"अध्यक्ष कोण आहे? हं. नीट ऐका. आज अकरा वाजेपर्यंत हे काम झालं नाही, तर मी इथूनच पत्र लिहितो. तलावाचा ठेका कोसमटोल्याच्या सोसायटीकडून काढून घेतला जाईल. शेजारच्या गावाला दिला जाईल. मग मरळ धरा नाहीतर मगर धरा, पाण्यात पाय ठेवलात तर चोरी."

हे ऐकायला पलीकडचे पुरुष चिंचेखालून उठून वळसा घालून अलीकडे आले. बायांमध्ये चुळबुळ झाली. टोपीवालीनं मजुराची टोपी काढून खाली ठेवली. ठेका जाणं म्हणजे काय हे तिथे कुणालाच समजावून सांगावं लागत नव्हतं. धिवराला शेती नसते. पाणी असतं, तेही ठेक्यानं.

"भागरता, ऊठ वं," उरकुडा म्हणाला. "सारा टोला उपाशी मारतेस काय?"

"तो त तूच मारून राहिला," ती म्हणाली. पण बाकीच्या बायांकडे तिनं पाहिलं, आणि दोघी-तिघी खाली बघत होत्या हे तिला दिसलं.

"उठवा," साहेब पोलिसांना म्हणाले.

दोघांतला मोठा पोलीस पुढे झाला. त्याला हे काम नको होतं हे त्याच्या चालीवरून कळत होतं. त्यानं काठी दुसऱ्याच्या हातात दिली आणि कडेच्या बाईला म्हणाला, "चल माय, ऊठ." ती उठली. दुसरी उठली. तिसरीनं त्याचा हात झटकला आणि मग स्वतःच उठली. खड्ड्याची एक बाजू मोकळी झाली. मजुरांनी ताडपत्री ओढली.

खाली तपकिरी राड दिसली. भागरताबाईनं लुगडं वर खोचलं आणि काठावरून सरळ खड्ड्यात पाय टाकला.

गुडघ्यापर्यंत आत गेली. "मले बी टाका संगं," ती म्हणाली.

कोणी हललं नाही. पोलीस काठावर वाकून हात पुढे करून उभा राहिला, पण राडीत उतरला नाही. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. हा फोटो कुठल्या अहवालात बसेल हे त्यांनाही सुचत नसावं.

"बाई, बाहेर या," मी म्हणालो. "ते विषारी आहे." माशांसाठी विषारी, माणसांसाठी नाही, हे मला माहीत होतं. पण दुसरं वाक्य जवळ नव्हतं.

ती आत दोन पावलं चालली. पाय ओढावा लागत होता. थांबली. खाली बघत पुन्हा एक पाऊल टाकलं, पाय राडीत गोल फिरवला. मग वाकून तिनं मूठभर राड उचलली. साहेब दोन पावलं मागे सरले, मीही सरलो. ती मूठ आमच्यापैकी कुणाच्या तोंडावर येणार एवढाच प्रश्न होता.

ती कुणाच्याच तोंडावर आली नाही. भागरताबाईनं मूठ स्वतःच्या तोंडासमोर धरली, बराच वेळ धरली, जणू आता रडणार आहे. मग हात झटकून लुगड्याला पुसला.

"ठीक हाय," ती म्हणाली. "टाका."

"काय?" उरकुडा म्हणाला.

"टाका म्हटलं न. ठेका गेला त लेकरं काय खातीन? टाका. पण यातली चार पोती बायायले पाह्यजेत."

"ढेप? कशाला?" साहेबांनी विचारलं.

"डोकं धुवाले."

मोहाच्या ढेपेनं तिकडे केस धुतात हे मी ऐकून होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डोस कमी पडेल असं मी सांगायला हवं होतं. मी मान डोलावली, कारण मला ते सगळं लवकर संपायला हवं होतं. बायांनी टोपल्या आणल्या आणि खड्ड्यातून भराभरा चार पोत्यांचा माल उपसून नेला. भागरताबाई शेवटची टोपली डोक्यावर घेऊन माझ्या जवळून गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. वीस बाया, एक पहाट, आणि शेवटी शिकेकाईला पर्याय. मला तिची कीव आली. ती कीव मला अजून आठवते.

साडेनऊला मजुरांनी डोंगा पाण्यात घातला. घमेल्यांनी राड उचलून ते चहूकडे फेकू लागले. मी काठावर उभा होतो. लाल वर्तुळ अजून दिसत होतं, आता काठापासून चार हातांवर. मी मजुराला "तिकडे नंतर" असं हातानं खुणावलं. त्यानं ते "तिकडे" एवढंच वाचलं. घमेलं वर्तुळाच्या बरोबर मधोमध पडलं. वर्तुळ फुटलं, पाणी गढूळ झालं, दोन्ही सावल्या नाहीशा झाल्या.

आणि मग मासे वर येऊ लागले.

आधी चार-दोन, मग शेकड्यांनी. सगळ्या पाण्यावर तोंडं. उघडत होती, मिटत होती. बारीक पुचपुच असा आवाज तलावभर. पुरुषांनी टोपल्या उचलल्या.

"गुदमरतायत," साहेब म्हणाले आणि फोटो काढले. "छान. मरायला किती वेळ?"

"पुस्तिकेत अर्धा तास आहे."

अर्धा तास झाला. तोंडं उघडत होती, मिटत होती. मरळीची मोठी काळी डोकीसुद्धा वर येऊन परत जात होती. मी ते पाहू शकत नव्हतो आणि मान वळवू शकत नव्हतो. एक तास झाला. उरकुडानं गुडघाभर पाण्यात जाऊन एका माशाला हात घातला. मासा निसटला, फारच चपळाईनं.

"शेवटची धडपड," साहेब म्हणाले.

बारा वाजता तोंडं कमी झाली. एक वाजता पाणी शांत होतं. मेलेला मासा एकही नव्हता.

"तळाशी बसले असतील," साहेब म्हणाले. त्यांना भूक लागली होती. "काही जाती बसतात. उद्या वर येतील. काळबांडे, तू अहवाल लिही. आकडा मोघम नको, शंभर टक्के लिही."

मी लिहिला. दुसऱ्या दिवशी मासे वर आले का, हे पाहायला मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाऊस लागला, रस्ते बंद झाले असं मी कार्यालयात सांगितलं. रस्ते सुरू होते. नोकरी कायम झाल्याचा कागद जुलैत आला. तो घरी दाखवला तेव्हा आई म्हणाली, तुझं तोंड असं का. मी मासे खाणं सोडलं होतं, तिला ते धार्मिक वाटलं.

जुलैच्या शेवटी नवीन बीज घेऊन जावंच लागलं. वीस हजार पिल्लं, प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, जीपच्या मागे. तलाव पाळीपर्यंत भरला होता. उरकुडा आजारी असल्याचा निरोप होता. पाळीवर भागरताबाई उभी होती.

"जेवून घ्या आंधी," ती म्हणाली.

"पिशव्यांतलं पाणी तापेल."

"सावलीत ठेवा. आलेत इतक्या दिवसानं."

तिच्या ओसरीवर मी बसलो. दारात म्हैस बांधलेली होती, चकाकत होती. भागरताबाईनं भात आणि लाल रस्सा वाढला. रश्श्यात माशाचा जाड, पांढरा, बिनकाट्याचा तुकडा होता. मी नको म्हणणार होतो. पण ती समोर बसून राहिली, म्हणून खाल्ला. दुसराही खाल्ला.

"कोणता मासा आहे?"

"मरळ."

माझा हात थांबला. "कुठली?"

"आपल्या तलावातली."

"पण तलावात तर."

"तुमी मारल्या होत्या," ती म्हणाली. "माहीत हाय. खा."

दारातली म्हैस काहीतरी चघळत होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग भागरताबाईकडे.

"मोहाची ढेप फेस काढते, बापू. साबणावानी. म्हणून त डोकं धुतो तिनं. अकरा पोती भिजली असती त खड्डा फेसानं वर आला असता. मी पाय टाकला त चिकट लागलं. हाती घेऊन वास घेतला. जवस."

"जवसाची ढेप?"

"ताजी. चांगली होती."

जवसाची ढेप माशांचं खाद्य आहे. साहेबांच्या स्वतःच्या मॉडेल तलावासाठी त्याच आठवड्यात, त्याच गोदामात, तशाच बिनचिठ्ठीच्या पोत्यांत ती उतरली होती. ड्रायव्हरनं दाराजवळची थप्पी उचलली होती. मोहाची पोती मॉडेल तलावाकडे गेली. तिथल्या माशांनी त्या वर्षी रोजच्या घमेलाभर खाद्याला तोंड लावलं नाही, आणि साहेबांनी त्याचं कारण प्रतिकूल हवामान असं लिहिलं. पण हे मला पुढे कळलं. त्या ओसरीवर मला एवढंच कळत होतं की सात पोती जवसावर शेकडो मासे दोन तास जेवत होते आणि मी काठावर उभा राहून त्यांचं मरण पाहत होतो.

"तेव्हाच सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगतलं असतं त दुसऱ्या दिवशी खरी आणली असती तुमी."

"आणि ती चार पोती?"

"म्हशीयनं खाल्ली. टोल्यातल्या साऱ्या." तिनं माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला. "इतकी ढेप पाण्यात सडली असती त मासे खरंच मेले असते. म्हणून काढून घेतली."

हे गणित मला पुस्तिकेशिवाय जमलं नसतं, आणि पुस्तिकेसकटही जमलं नव्हतं.

"पिल्लं?" मी विचारलं. "ती लाल?"

"फुटली होती. दुपारून जमा झाली. माय-बापानं केली."

मी जेवलो, हात धुतले. पाळीवर आलो तेव्हा पिशव्या सावलीत एकावर एक ठेवलेल्या होत्या, आत बोटाएवढी वीस हजार पिल्लं. खाली तलावभर मरळ. आता पिशव्या परत न्याव्यात तर कारण लिहावं लागणार. कारण लिहावं तर मरळ आहे असं लिहावं लागणार. आणि मग चार दिवसांत खरी मोहाची ढेप, पोलीस, साहेब, कॅमेरा.  भागरताबाई माझ्याकडे बघत होती, जशी त्या दिवशी खड्ड्यात उतरायच्या आधी बायांकडे बघत होती.

"किती खातील?" मी विचारलं.

"निम्मी. जास्ती बी. उरतीन ते मोठे होतीन."

मी पाण्यात उतरलो आणि पिशव्यांची तोंडं एकेक करून सोडली.

त्या हिवाळ्यात कोसमटोल्याच्या सोसायटीनं नऊ क्विंटल मासळी काढली. त्यातली सहा क्विंटल मरळ होती. माझ्या अहवालात ती रोहू आहे.